गावंड्यांचा दुसरा पडदा

दर रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या समोरच्या खिडकीत गावंडे आपल्या संगणकाला हातवारे करून झापतात.

तोंडातून अवाक्षर नाही. फक्त हात. एक हात वर जातो, दुसरा कोपरापासून फिरतो, मध्येच कपाळावर एक थाप बसते, आणि मग संगणकावर बोट रोखून ते असं काही हलवतात की मी संगणक असतो तर त्याच दिवशी राजीनामा दिला असता. हा प्रकार चांगला तासभर चालतो. आमची इमारत मध्येच काटकोनात वळलेली आहे, त्यामुळे माझ्या गॅलरीतून त्यांची खोली सरळ दिसते. मी मुद्दाम बघत नाही. गॅलरी माझी, खुर्ची माझी, रविवारचा पेपर माझा; समोर त्यांची खिडकी आली त्याला मी काय करणार?

सुलभा, म्हणजे माझी बायको, म्हणायची की तो हातांचा व्यायाम असेल. खालच्या मजल्यावर कुणी तरी मंत्रतंत्राची शंका काढली होती. माझं मत ठाम होतं. माणूस एकटा राहतो, संगणकावर लिनक्स नावाची जगावेगळी प्रणाली वापरतो, आणि त्याच्याकडे दोन मॉनिटर आहेत. अशा माणसाचं डोकं फिरायला आणखी काय लागतं?

गावंडे मूळचे मूर्तिजापूरकडचे. तीस वर्षांपूर्वी हडपसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले. कारखान्यात पहिला संगणक आला तेव्हा इतर लोक त्याला उदबत्ती ओवाळत होते आणि गावंडे त्याचं झाकण उघडून आत बघत होते, असं ते स्वतःच सांगतात. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता घरी बसून कारखान्यांच्या वायरिंगचे नकाशे करून देतात. लग्न केलं नाही. का, असं सुलभानं एकदा विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, ड्रायव्हर नाही मिळाला जी."

हे ड्रायव्हर प्रकरण मला त्यांनी जिन्यात उभं करून वीस मिनिटं समजावलं होतं. संगणकात एक ग्राफिक्स कार्ड असतं, ते पडद्यावर चित्र दाखवतं. पण कार्डाची भाषा संगणकाला कळत नाही आणि संगणकाची कार्डाला कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो. तो ड्रायव्हर. गावंड्यांच्या कार्डाचा दुभाषा असा तऱ्हेवाईक की संगणकाचा गाभा बदलला, ज्याला ते कर्नल म्हणतात, की हा रुसायचा. मग दुसरा मॉनिटर काळा व्हायचा, किंवा डावा उजवा आणि उजवा डावा व्हायचा. एकदा महिनाभर त्यांच्या माउसचा बाण डाव्या कडेनं बाहेर पडून उजवीकडून आत येत होता. हडपसरहून लोणी काळभोरला उलट्या दिशेनं, येरवड्यावरून जावं तसा. मी म्हटलं, "अहो गावंडे, एक मॉनिटर काढून टाका की! जग एका पडद्यावर चाललंय." ते नुसते हसले. "दोन लागतात, भाऊ," म्हणाले.

त्यांची दोन वाक्यं सोसायटीत सर्वांना पाठ आहेत. एक, "लॉग काय म्हणतो?" लॉग म्हणजे संगणकानं स्वतःच्या दुखण्याची स्वतः लिहून ठेवलेली नोंद. लिफ्ट बंद पडली, गावंडे विचारणार, लॉग काय म्हणतो? सुलभाचा गुडघा धरला, तर त्यांनी तिला एक वही आणून दिली. रोज किती वाजता दुखतो, चढताना की उतरताना, लिहा म्हणाले. ती वही आम्ही दूधवाल्याच्या हिशेबाला वापरली.

दुसरं वाक्य, "एका वेळी एकच बदल." बिघाड शोधायचा तर एक गोष्ट बदलायची आणि बघायचं. दोन बदलल्या की संपलं, कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. हा नियम ते चहालाही लावतात. आज आलं वाढवलं तर साखर कालचीच. माझ्या संगणकावर त्यांनी लिनक्स घालून दिलं तेव्हाही एकेक बदल करत चार दिवस लागले. तेव्हापासून माझा संगणक उत्तम चालतो आणि प्रिंटर मराठी छापायला सांगितलं की नुसते चौकोन छापतो. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पाहून राहिलो ना, भाऊ." त्यालाही दोन वर्षं झाली. अजून पाहूनच राहिलेत.

तर अशा माणसाचा शेजार म्हटल्यावर मला अधूनमधून त्यांच्या दारात जावं लागतं. अधूनमधून म्हणजे जवळजवळ रोज. भर दुपारी, माझ्या वामकुक्षीच्या वेळी, खुर्ची ओढणं. स्कूटर पांढऱ्या पट्ट्याच्या चार बोटं बाहेर लावणं. कचऱ्याची बादली जिन्यात ठेवणं. मी बेल दोनदा वाजवतो. एकदा वाजवली की लोकांना वाटतं कुणी तरी आलंय. दोनदा वाजवली की कळतं, काम आहे. गावंडे दार उघडतात, तक्रार शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "बरोबर आहे जी. या ना आत, चहा टाकतो." आणि मी उंबऱ्याबाहेरूनच सांगतो, "नको. बसायला आलो नाही." अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या दिवाळीत, भाऊबिजेच्या सकाळी, पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या कामासाठी माझी बेल वाजवली. तीही एकदाच, आणि इतकी हलकी की सुलभाला वाटलं शेजारच्यांची वाजली. आंघोळ झालेली, अंगात नवा सदरा. "भाऊ, अर्धा तास माझ्या घरी बसता का? गाडीतळावर ट्रॅव्हल्सची गाडी येऊन राहिली. गावाकडून डबा आला आहे, तो घेऊन येतो. मशीनवर फायलींची कॉपी चालू आहे. लाईट गेली तर हे एवढं बटण दाबून मशीन नीट बंद करायचं. बाकी कशाला हात लावू नका, बरं का."

आता, हात लावू नये अशी पाटी दुसऱ्याला लावायची हा आम्हा पुणेकरांचा हक्क. आम्हालाच कुणी ती लावली की बोटं शिवशिवतात. पण मी गेलो. अकरा वर्षांत प्रथमच तो उंबरा ओलांडला.

खोली स्वच्छ. टेबलावर शेजारी शेजारी दोन मॉनिटर, त्यांच्या पाठी खिडकीकडे, म्हणजे माझ्या गॅलरीकडे. एक नवा, रुंद. दुसरा त्याहून मोठा. टेबलाशी एक खुर्ची. दुसऱ्या खुर्चीवर वह्यांची चळत, म्हणून मी त्यांच्याच खुर्चीत बसलो. बाजूला एका ताटलीत कुंकू, अक्षता, सुपारी. एकट्या माणसाच्या घरी भाऊबिजेची तयारी बघून मला जरा चमत्कारिक वाटलं, पण मी पेपर उघडला.

कॉपी संपली. लाईट गेली नाही. आणि पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजीत विचारत होती की महत्त्वाची अपडेट तयार आहे, मशीन बंद करून चालू करू का? खाली हो किंवा नाही.

प्रश्न विचारला की उत्तर द्यावं, हे माझ्यावर लहानपणापासूनचे संस्कार. मी 'हो' दाबलं.

मशीन बंद झालं, बराच वेळ काही तरी करत बसलं आणि परत चालू झालं. रुंद मॉनिटरवर विटेएवढाली अक्षरं आली. मोठा मॉनिटर ठार काळा.  मी वाकून मागे पाहिलं. मोठ्या मॉनिटरची केबल टेबलाखालच्या संगणकाच्या खोक्यात मागून खोचलेली होती. आमच्या घरी टीव्ही अडला की सुलभा केबल काढून घालते, तो चालतो. मीही काढली. घालायला गेलो तर मागे तशीच दोन भोकं, एक वर, एक खाली. कुठून काढली होती? चालेल, म्हटलं, भोक ते भोक. खोचली. मॉनिटर काळा तो काळाच. मग मी हात झटकले आणि पेपर वाचू लागलो. एकच बातमी चार वेळा वाचली.

गावंडे आले. हातात पत्र्याचा डबा, त्याला पांढऱ्या फडक्याची गाठ. पडद्याकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला.

"लाईट गेली होती का?"

"नाही."

"मग?"

मी सगळं सांगितलं. म्हणजे अपडेटचं सांगितलं. केबलचं काय सांगायचं, असं मनाशी म्हटलं. केबल काढून परत घालणं हा काय बदल झाला? त्यांनी शांतपणे विचारलं, "एकच बदल केला ना, भाऊ?"

"एकच," मी म्हणालो.

ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. घड्याळाकडे पाहिलं, साडेनऊ होऊन गेले होते, आणि मी उठून मोकळ्या केलेल्या खुर्चीत मटकन बसले. म्हणाले, "जुना कर्नल असता तर त्यावर परत जाता आलं असतं. पण मागच्या आठवड्यात दिवाळीची साफसफाई केली, त्यात काढून टाकला." मला एरवी हसू आलं असतं. लोक माळ्यावरची रद्दी काढतात, या गृहस्थानं कर्नल काढला! पण त्यांचा चेहरा बघून हसू आलं नाही.

"अकराला ताई येते," ते म्हणाले.

"कुठून येतायत? स्टेशनवर कुणी जायला हवंय का?"

त्यांनी काळ्या मॉनिटरकडे बोट केलं. "इथे येते."

मग त्यांनी सांगितलं. कुसुमताई, त्यांची मोठी बहीण. जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणंही नाही. गावात तेव्हा तसली शाळा नव्हती. आईनंच घरातल्या घरात खुणा बनवल्या. पावसाला ही, भाकरीला ही, मामाला ही, खोटं बोलण्याला ही. पाठीला पाठ लावून आलेला भाऊ त्या खुणा बोलण्याआधी शिकला. "आई गेली, बाबा गेले," गावंडे म्हणाले. "आता ही भाषा आम्हा दोघांनाच येते. भाचा आहे, सून आहे, चांगली आहेत. पण त्यांचं जेवलीस का, दुखतं का, इतकंच. गप्पा कोण मारणार तिच्याशी?"

"म्हणजे रविवारी ते…"

"तेच. काऊन, तुम्हाला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. इतकी वर्षं गॅलरीत बसून पाहिलं, पण हा माणूस काय करतो हे सोसायटीत एकानंही त्याला विचारलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मोबाइलवर नाही का जमणार?" मी चाचरत विचारलं.

"तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आणि खुणा कमरेपासून डोक्यापर्यंत जातात, भाऊ. मोबाइलमध्ये अर्धा माणूस मावतो. एका पडद्यावर ती मोठी दिसली पाहिजे. दुसऱ्यावर मी मला दिसलो पाहिजे, माझे हात चौकटीच्या बाहेर तर जात नाहीत ना. गेले की तिचा शब्द सांडतो. आणि ड्रायव्हर नसला की चित्र अडखळत येतं. हात इथे असतो, एकदम तिथे दिसतो. मधलं सगळं गेलं." त्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. "भाऊबिजेला अकराच्या पुढे झालं की ती रडायला लागते. तिला वाटते मला काही झालं. मेसेज तिला वाचता येत नाही, आणि सुनेनं खुणेनं सांगितलेलं तिला पटत नाही."

मला इतकी शरम वाटली की मी पहिल्यांदाच आपणहून म्हणालो, "काय करायचं ते सांगा. मी थांबतो."

वह्यांच्या चळतीतली सर्वांत वरची वही त्यांनी माझ्या हातात दिली. दर वेळी दुभाषा रुसला तेव्हा काय केलं, ते तीत टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं. मी एकेक ओळ वाचायची, ते टाइप करणार. आधी रुसलेला ड्रायव्हर काढायचा. मग नव्या कर्नलला लागणारं सामान उतरवायचं. मग ड्रायव्हर नव्यानं बांधायचा. दर ओळीनंतर ते थांबत, पडद्यावरचं वाचत आणि मग "पुढे" म्हणत. मी दोन ओळी एकदम वाचल्या की म्हणत, "एका वेळी एक, भाऊ." इकडे घड्याळ पळत होतं. सुलभा औक्षणासाठी मला बोलवायला आली, तिचा भाऊ आणि माझी बहीण दोघंही आले होते. मी तिला हातानंच परत पाठवलं. ती मागे वळून वळून बघत गेली.

पावणेअकराला ड्रायव्हर बांधून झाला. मशीन बंद करून चालू केलं. रुंद मॉनिटर लख्ख! अक्षरं बारीक, कोरीव. मी टाळीच वाजवली.

मोठा मॉनिटर काळाच. कोपऱ्यात लिहून आलं, सिग्नल नाही.

गावंड्यांनी लॉग उघडला. ओळीमागून ओळ वाचू लागले. "दुसरा मॉनिटर जोडलाच नाही म्हणते," ते पुटपुटले. "असं कसं? सकाळी होता ना." पुन्हा वरून वाचायला लागले. अकराला आठ मिनिटं. घाम पुसायला त्यांनी नव्या सदऱ्याची बाही वापरली. ते चुकीच्या जागी शोधत होते, आणि ते तिथे शोधत होते कारण मी एकच म्हणालो होतो. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. बहिणीशी बोलायला मिळणार की नाही हे माझ्या एका खोटेपणावर अडलं होतं, आणि तेही कशासाठी, तर एक केबल काढली हे कबूल करायला मला कमीपणा वाटत होता म्हणून.

"गावंडे," मी म्हणालो, "दोन."

"काय दोन?"

"बदल. दोन केले. केबल काढली होती. परत घातली, पण कुठल्या भोकात ते…"

ते उठले. टेबलाखाली वाकले, वरच्या भोकातली केबल काढून खालच्या, कार्डाच्या भोकात घातली. मोठा मॉनिटर डोळे उघडावेत तसा उजळला. खालूनच त्यांचा आवाज आला, "लॉग खोटं नाही बोलत, भाऊ."

एवढंच. मला हे वाक्य माझ्या वडिलांच्या थपडेपेक्षा जास्त लागलं.

बरोबर अकराला कुसुमताई आल्या. पांढरे केस, नवं लुगडं, हातात ताम्हण. मागे सुनेचा पदर हलताना दिसत होता. गावंड्यांनी रुंद मॉनिटरवर स्वतःकडे बघत कुंकू लावून घेतलं, अक्षता लावल्या आणि डोकं थोडं पुढे केलं. तिकडे ताईंनी ताम्हण फिरवलं. निरांजनाचा उजेड पडद्यावर गोल फिरत होता आणि हा पन्नाशी उलटलेला माणूस डोळे मिटून बसला होता. मी दाराशी उभा होतो. निघायला हवं होतं, पण पाय निघेना.

मग हात सुरू झाले. मी जे वर्षानुवर्षं खिडकीबाहेरून पाहिलं होतं ते पहिल्यांदा आतून पाहिलं. ते झापणं नव्हतं. कपाळावरची ती थाप म्हणजे ताई हसल्यावर गावंडे मारतात ती. बोट रोखून हलवणं म्हणजे औषध घेतलंस का ते विचारणं. ताई खुणेनं काही तरी मोठी गोष्ट सांगत होत्या, त्यात एक म्हैस असावी, कारण त्यांनी शिंगं केली आणि दोघंही पोट धरून हसले.

तेवढ्यात ताईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्या थांबल्या. डोळे बारीक करून बघितलं. मग एक बोट हवेत दोनदा दाबलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून मान वर केली.

गावंडे मोठ्यानं हसले. मी विचारलं, "काय म्हणतायत?"

"विचारून राहिली की बेलवाला हाच का."

"कोण बेलवाला?"

"तुम्ही जी. दोनदा बेल, मग कमरेवर हात. तुमचं नाव आहे ते. दहा वर्षं झाली."

घ्या! मी इतकी वर्षं गॅलरीत बसून या माणसाला सोसायटीतला विक्षिप्त ठरवत होतो, आणि तिकडे मूर्तिजापुरात विक्षिप्त म्हणून मीच प्रसिद्ध होतो. मला हसूही आलं आणि थोडा रागही आला. पण ताई थांबल्या नव्हत्या. माझ्याकडे बघत त्यांनी सावकाश खुणा केल्या. बेल, कमरेवर हात, मग दोन्ही तळवे गालाखाली, आणि शेवटी छातीवर हात. 

"हे काय म्हणाल्या?"

"काही नाही हो, भाऊ."

"गावंडे, आज मी दोन बदल कबूल केलेत. तुम्ही एक तरी करा."

ते मॉनिटरकडे बघत बोलले. "ती घोर लावून घेते. इतक्या मोठ्या शहरात एकटा राहते, पडला-झडला तर कोण पाहणार. म्हणून मी दर रविवारी सांगतो, एकटा कुठे आहे मी? बेलवाला येते ना रोज. येते, बसते, चहा घेते, जाते." त्यांनी पडद्यावरच्या ताईंकडे हात केला. "ती म्हणते, भावाकडे रोज येणारं माणूस आहे, म्हणून मला झोप लागते. तुम्हाला आशीर्वाद देऊन राहिली."

 मी हात जोडले. ताईंनीही जोडले. तेवढी एक खूण दोन्हीकडे सारखीच होती.

घरी आलो. बहीण ओवाळायला थांबली होती. ओवाळून घेताना सुलभानं विचारलं, "काय झालं हो? डोळे का असे?" मी म्हटलं, निरांजनाचा धूर. तिनं ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावंड्यांनी खुर्ची ओढली. माझी झोप मोडली. मी उठलो, चपला घातल्या आणि त्यांच्या दाराशी जाऊन सवयीनं बेल दोनदा वाजवली.

त्यांनी दार उघडलं. "खुर्ची ना, भाऊ? बरोबर आहे जी. रबर लावतो खाली."

"खुर्ची नाही."

"स्कूटर?"

"नाही."

"मग प्रिंटर. पाहून राहिलो ना मी…"

"प्रिंटर जाऊ दे खड्ड्यात," मी म्हणालो. "बसायला आलोय."

गावंडे दारात तसेच उभे राहिले. मग आत वळले आणि दुसऱ्या खुर्चीवरच्या वह्या उचलायला लागले.